खांद्याजवळची जागा

हे वाचायला बसण्याआधी हातातलं काम बाजूला ठेवा. कॅमेरा जवळ असेल तर त्याचा पट्टा गळ्यातून काढा आणि तो मांडीवर घ्या. फोन असेल तर पालथा घाला. आज आपल्याला एका फोटोवर मनन करायचं आहे आणि तो फोटो अजून काढलेला नाही. त्यात एक मुलगी आहे, एक घोडी आहे, आणि मुलगी उभी आहे ती घोडीच्या खांद्याजवळची हातभर जागा आहे. एवढंच. त्या जागेपर्यंत आपण सावकाश जाणार आहोत. मधे जिथं थांबायला सांगेन, तिथं खरंच थांबा. एखादा परिच्छेद वाचून डोळे मिटून बसलात तरी चालेल. शब्द कुठं जात नाहीत.

एक श्वास घ्या. सोडा. आणखी एक.

*

दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले आहेत. दौंड-शिरूरच्या बाजूला, भीमेच्या खोऱ्यातलं एक शेत. बाजरी निघून गेली आहे, धसकटं उभी आहेत. उजाडायला थोडा अवकाश आहे. रात्री या रानात मेंढरं बसली होती. शेतकऱ्यानं ती मुद्दाम बसवून घेतली, कारण एका रात्रीत रानाला लेंडीखत मिळतं, आणि वाड्याला त्याबदल्यात धान्य मिळतं किंवा पैसे.

वाडा म्हटल्यावर दगडी भिंती आणि चौक डोळ्यांसमोर आणू नका. धनगरांची चार-सहा कुटुंबं, त्यांची मेंढरं, कुत्री, कोंबड्या आणि घोडी मिळून जो चालता संसार होतो, त्याला इथं वाडा म्हणतात. पावसाळा सरला की दुष्काळी पट्ट्यातले असे वाडे चाऱ्यामागं निघतात. कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी नद्यांच्या खोऱ्यांतून फिरत राहतं. पावसाच्या तोंडाशी सगळे आपापल्या गावी परततात. दरवर्षी जवळजवळ त्याच वाटा, पुष्कळदा तीच शेतं.

आधी कानांनी या शेतात शिरा. वाघरीच्या जाळीआड मेंढरांची हालचाल. एका कोकराची बारीक हाक आणि तिला लगेच मिळालेलं उत्तर. तीन दगडांच्या चुलीत काटक्या तडतडताहेत. कुणीतरी भाकरी थापतंय, थप थप थप. आणि या सगळ्याच्या कडेला एक लांब, सैल फुरफुर. घोडीनं नाकपुड्यांतून श्वास सोडला.

त्या आवाजापाशी थांबा. असा सैल फुरफुराट बहुतेक वेळा घोडं निवांत असल्याची खूण असते. शेतात आणखी कुणी आलंय, हे तिला केव्हाच कळलेलं आहे. आपण अजून तिला पाहिलेलं नाही.

*

वाडा हलतो तेव्हा पुरुष मेंढरं घेऊन रानानं जातात, आणि बायका घोडी घेऊन वाटेनं पुढं होतात. पुढचा मुक्काम त्या लावतात. सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असतं. पीठ, भांडी, घोंगडी, वाघर, पालाच्या काठ्या. त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या. त्यावर काल-परवा जन्मलेली कोकरं, ज्यांना अजून कळपाबरोबर चालवत नाही. आणि या सगळ्याच्या वर, लुगड्याच्या पदरानं नीट बांधलेलं एक लहान मूल, ज्यालाही अजून चालवत नाही.

या मुलाला मनात जरा वेळ बसू द्या. त्याला पाळणा नाही. त्याला झोका आहे तो चार पायांचा, सकाळभर चालणारा. पाऊल टाकायला शिकण्याआधी त्यानं घोड्याची चाल अंगात घेतली आहे. चढ आला की मागं कलायचं, उतार आला की सैल व्हायचं, हे त्याच्या कमरेला शब्दांआधी कळलेलं आहे. उद्या हे मूल घोड्याशेजारी उभं राहील आणि आपण त्याचा फोटो काढू पाहू, तेव्हा आपल्यासमोर दोन ओळखीचे जीव असतील. त्यांची ओळख आपल्या येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

हे घोडं दिसायला ठेंगणं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं डोकं त्याच्या पाठीला लागेल एवढंच. पण खुरानं टणक, थोड्या चाऱ्यावर दिवस काढणारं, खडकाळ वाटेला न बिचकणारं. भीमेच्या काठाचं म्हणून ते भीमथडी. थडी म्हणजे काठ. मराठ्यांच्या फौजांमधलं ज्याचं नाव आपण ऐकत आलो, राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला त्यात ज्याचा उल्लेख आहे, तेच हे तट्टू. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडं भीमथडीची भारतीय घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. कागदावर ते उशिरा आलं. धनगरांनी ते मधल्या सगळ्या काळात चालतं ठेवलं, पाठीवर पीठ, कोकरं आणि लेकरं देऊन.

फौज गेली. गाणं राहिलं. आणि घोडं मुलांपाशी राहिलं. हे एकदा मनाशी म्हणा आणि पुढं चला.

*

आता मी केलेली एक चूक सांगतो. या मननाची वाट तिथूनच जाते.

पहिल्यांदा असा वाडा पाहिला तेव्हा माझ्या हातात कॅमेरा होता आणि डोक्यात फोटो आधीच तयार होता. ऊन नुकतंच वर येत होतं. एक मुलगी, असेल नऊ-दहा वर्षांची, पांढऱ्या घोडीच्या मानेला टेकून उभी होती. एक हात आयाळीत. बघणाऱ्याला वाटावं, की हे आपल्यासाठीच मांडून ठेवलंय. मी तिच्या आजीला विचारलं, आजी ‘काढा की’ म्हणाली, आणि मी सरळ समोरून निघालो. कॅमेरा डोळ्याला, पाय भराभर, घोडीच्या नाकापासून दोन पावलांवर जाऊन गुडघ्यावर बसलो.

घोडीनं मान झटक्यानं वर घेतली. दोन पावलं मागं सरली. दोर ताणला. मुलगी तिच्यासोबत दोन पावलं सरकली, तिला काहीच विशेष वाटलं नाही. तिनं घोडीकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि समजावून सांगावं तसं म्हणाली, “दादा, नाकापुढनं येऊ नका. तितं तुम्ही तिला दिसत न्हाय.”

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. जमिनीवरच्या प्राण्यांमध्ये इतके मोठे डोळे फार थोड्यांना आहेत. त्यांतली बाहुली आडवी, क्षितिजासारखी. त्या डोळ्यांना मान न वळवता जवळजवळ सगळी गोल दुनिया दिसते, ३६० अंशांतली सुमारे ३५०. पण दोन जागा सुटतात. एक पाठीमागं, शेपटीच्या ओळीत. दुसरी अगदी समोर, कपाळाच्या आणि नाकाच्या पुढं. लांबून येणारा माणूस त्याला दिसत असतो. तोच माणूस नाकाशी येऊन बसला, की दिसेनासा होतो. मग घोडं मान उचलतं आणि मागं सरतं, हरवलेला माणूस पुन्हा नजरेत यावा म्हणून.

इथं थांबा. ही गोष्ट हळूहळू आत जाऊ द्या.

फोटोसाठी आपण जी जागा सगळ्यांत योग्य मानतो, थेट समोरची, नेमकी तिथं आपण घोड्यापुरते नाहीसे होतो. आपल्याला ते पूर्ण दिसत असतं आणि त्याला आपण दिसत नसतो. नुसतं पाहणारा आणि स्वतः न दिसणारा. रानातल्या जीवांना अशा पाहणाऱ्याची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही.

मी त्या मुलीला विचारलं, “मग कुठून येऊ?”

ती म्हणाली, “हितनं.” आणि बोलता बोलता थोडी सरकली. घोडीच्या डाव्या खांद्याजवळ, स्वतःच्या शेजारी, तिनं एका माणसाची जागा केली.

*

ती जागा अजून तिथं आहे. मनानं तिथं जा.

सरळ जाऊ नका. बाजूनं, तिरकं, चालीत जा. हात मोकळे, खाली. कॅमेरा खांद्यावर मागं टाकलेला. तोंडानं काहीतरी बोलत राहा, काहीही चालेल, आवाज मात्र एका पट्टीत ठेवा. घोडीचा एक कान तुमच्याकडं वळेल. घोड्याचा प्रत्येक कान स्वतंत्र फिरतो. एक कान तुमच्यावर, दुसरा मुलीवर. हा कान म्हणजे तिनं केलेली विचारपूस आहे. उत्तर देण्याची घाई करू नका. चालत राहा, आणि खांद्याशी येऊन थांबा.

आता हात मानेच्या बुडाशी ठेवा. थोपटू नका, नुसता ठेवा. थंडीत वाढलेल्या दाट केसांखाली ऊब लागेल. धूळ, घाम आणि वाळल्या कडब्याचा मिळून एक वास येईल. कातडी एकदा थरारेल, माशी बसल्यावर थरारते तशी, आणि शांत होईल. विश्रांतीत घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके पडतात. मोठ्या माणसाचे ६० ते १००. तुमच्या दोन ठोक्यांत तिचा जेमतेम एक.

स्वीडनमधल्या संशोधकांचा एक साधा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. माणसं घोड्यांना धरून एका वाटेवरून फेऱ्या घालत होती. शेवटच्या फेरीआधी माणसांना सांगितलं, की या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री कुणी उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्या हातात दोर असलेल्या घोड्यांचेही वाढले. भीती मनातच होती, पण ती दोरातून पोचली.

म्हणून फोटोची तयारी करताना पहिली तयारी श्वासाची. लेन्स कुठली लावायची ते नंतर. ‘ऊन जाईल’, ‘हा क्षण जाईल’, ‘इतक्या लांब आलो’ या सगळ्या न उघडलेल्या छत्र्या आहेत. त्या मिटलेल्याच राहू द्या. नाकानं श्वास घ्या, चार मोजा. तोंडानं सोडा, सहा मोजा. हे दहा वेळा करा. वाचतानाही करा. मी थांबतो.

*

आता शेजारच्या मुलीकडं पाहा. चेहऱ्याकडं लगेच नको. आधी हातांकडं.

एका हातात दोर आहे. नीट पाहा, दोर तळव्याला गुंडाळलेला नाही. लांब दोराच्या घड्या करून त्या मुठीत धरल्या आहेत. घोडं अचानक उधळलं तर मूठ सोडता यावी, हात ओढला जाऊ नये, म्हणून. हे तिला कुणी वर्ग घेऊन शिकवलेलं नाही. तिनं आईचा हात पाहिला, आईनं तिच्या आईचा. पायांत चपला नाहीत, तरी पाऊल खुरापासून बरोबर तेवढं लांब आहे जेवढं असायला हवं. घोडी वजन बदलते तेव्हा ती न बघता अर्धं पाऊल मागं होते आणि पुन्हा जागेवर येते.

असे फोटो काढायला लोक येतात तेव्हा त्यांना बहुधा फाटका फ्रॉक दिसतो, विस्कटलेले केस दिसतात, पालाचं ठिगळ दिसतं. ते सगळं आहे, लपवायचं कारण नाही. पण समोर उभी आहे ती एक जाणकार आहे. घोड्याबद्दल तिला जे ठाऊक आहे ते आपल्याला नाही. फोटोत ते जाणकारपण यायला हवं. तिची दया यावी असा फोटो निघाला, तर आपण तिला पाहिलंच नाही.

तिला विचारा. घरच्यांना विचारलंत ते बरोबरच, पण तिला वेगळं विचारा. “तुझा आणि हिचा फोटो काढू?” आणि उत्तराची वाट पाहा. ती नको म्हणाली, लाजून आजीमागं गेली, तर तिथंच थांबायचं. चहा प्यायचा, घोडीला नमस्कार करायचा आणि निघायचं. आजचं मनन तेवढ्यानं पूर्ण झालं असं समजा. ती हो म्हणाली तर तिचं नाव, तिचं गाव, वाड्याचा मुक्काम आपल्यापाशीच ठेवायचा. चेहरा तिनं दिला आहे, पत्ता दिलेला नाही.

आणि तिला काही करायला सांगू नका. ‘हस’ म्हणू नका. ‘घोडीचा मुका घे’, ‘तिच्या पोटाखालून ये’, ‘मागं उभी राहा’ यातलं काहीच नको. घोडीच्या मागं ती स्वतःहून कधी उभी राहत नाही. तिला जे करू नये हे कळतं, ते आपल्या फोटोसाठी तिनं करू नये.

*

ऊन वर आलं आहे. मेंढरं उठली, त्यांच्या खुरांची धूळ हवेत आहे, आणि कोवळा उजेड त्या धुळीत अडकून मऊ झाला आहे. तो कुणाच्या अंगावर कसा पडलाय ते बघा.

घोडी पांढरी आहे. मुलगी उन्हातान्हात वाढलेली, सावळी. कॅमेऱ्याला आपण काहीच सांगितलं नाही, तर तो पांढऱ्या घोडीचा उजेड मोजतो. एवढं पांढरं त्याला फार वाटतं, म्हणून तो सगळंच चित्र काळवंडून टाकतो. घोडी करडी होते आणि मुलीचा चेहरा अंधारात जातो. ही यंत्राची सवय आहे. त्यात त्याचा दोष नाही, पण आपण ती तशीच चालू दिली तर दोष आपला. उजेड मुलीच्या गालावरून मोजा. फोनवर असाल तर बोट तिच्या चेहऱ्यावर टेकवा. घोडीची पाठ थोडी जास्त उजळली तर उजळू द्या. ज्या उन्हात मुलगी नीट दिसते, ते ऊन खरं धरा.

मग रंगांकडं वळा. मुलीच्या आजोबांचा तांबडा फेटा लांबूनही उठून दिसतो आपल्याला. घोडीला तो तसा दिसत नाही. तांबडा आणि हिरवा यांतला फरक तिच्या डोळ्यांना कळत नाही. तिला वेगळे कळतात ते निळा आणि पिवळा. डोक्यावर उघडं होत चाललेलं आभाळ तिला दिसतं. आणि मुलीच्या कपाळावर सकाळी आजीनं लावलेला खंडोबाचा भंडारा, हळदीचा तो पिवळा, तोही दिसतो. ज्यांचा देव घोड्यावर बसतो, त्यांच्या कपाळावर घोड्याला दिसणारा रंग असावा, यामागं कुणाची योजना नसेल. तरी मी ते कळल्यापासून भंडारा वेगळ्या डोळ्यांनी पाहतो.

त्या पिवळ्या ठिपक्यापाशी तीन श्वास थांबा.

*

आता मांडीवरचा कॅमेरा उचला.

खांद्याजवळच्या जागेवरून निघा, चार-पाच पावलं तिरकं मागं या. घोडीच्या डोळ्याला तुम्ही दिसत राहाल असे. वाटेत तिची पाठीमागची आंधळी बाजू ओलांडू नका. मुलीच्या डोळ्यांइतके खाली व्हा, पण मांडी घालू नका, जमिनीवर टेकू नका. उकिडवे बसा, म्हणजे क्षणात उठता येईल. शेजारी घरचं एखादं मोठं माणूस असू द्या. फ्लॅश बंद. कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत असेल तर तोही करा.

फार रुंद दाखवणारी लेन्स आणि जवळ जाऊन धरलेला फोन घोड्याचं तोंड मडक्याएवढं करतात आणि मागचं अंग वाळवून टाकतात. म्हणून लांबून, ८५ ते १३५ मिलिमीटरच्या लेन्सनं पाहा. फोन असेल तर त्याची दूरची लेन्स वापरा. दोघींचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील असे तुम्ही सरका, त्यांना सरकवू नका. छिद्र फार उघडं ठेवलं तर एकीचा डोळा स्पष्ट येतो आणि दुसरीचा धुक्यात जातो. एफ ५.६ च्या आसपास दोघी बरोबर राहतात. शटर सेकंदाच्या २५० व्या भागाहून संथ नको. उभं घोडंही उभं नसतं. कान, शेपटी, ओठ, कातडी यांतलं काहीतरी हलत असतं.

घोडा आणि कॅमेरा यांची ओळख जुनी आहे. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथं एडवर्ड मायब्रिज यांनी बारा कॅमेरे ओळीनं मांडून धावत्या घोडीचे फोटो घेतले, आणि चौखूर धावताना एका क्षणी चारही पाय जमीन सोडतात हे जगाला दाखवलं. डोळ्याला न दिसणारा वेग त्या यंत्रानं पकडला. आपलं काम उलट्या बाजूचं आहे. आपल्याला उभं राहणं टिपायचं आहे, आणि त्याला वेगाहून जास्त वेळ लागतो.

म्हणून वाट पाहा. पाहण्यासारख्या खुणा अशा: घोडी मागचा एक पाय खुराच्या टोकावर टेकवून सैल सोडेल. खालचा ओठ किंचित लोंबेल. मान उतरून मुलीच्या डोक्याच्या पातळीला येईल. याचा अर्थ तिनं पहारा थोडा वेळ बाजूला ठेवला. मुलगी तुम्हाला विसरेल, आयाळीतली गाठ सोडवायला लागेल, किंवा कानात काही सांगेल. मग कुठंतरी कोकरू ओरडेल, आणि घोडीचे दोन्ही कान एकदम टवकारतील. मुलगीही त्याच बाजूला पाहील. दोघींनी एकच आवाज ऐकला, एकाच क्षणी.

तो क्षण तुमच्या समोर आहे. बोट कळीवर आहे. मुलीच्या गालावर ऊन आहे. घोडीच्या मोठ्या, ओल्या डोळ्यात सगळं शेत वाकून उतरलं आहे, आणि त्या शेतात एक बारीक काळा ठिपका आहे. तो तुम्ही आहात. तिला तुम्ही दिसता आहात.

आता दाबा. एकदा. फार तर दोनदा.

*

कॅमेरा खाली घ्या. चित्र लगेच पाहू नका. शेवटचा श्वास त्या दोघींना द्या, पडद्याला नको.

एक गोष्ट राहिली. वाड्यावरचे बरेच फोटो परत वाड्यावर येत नाहीत. पुढच्या मुक्कामाला पत्ता नसतो, आणि काढणाऱ्याला तेवढी आठवण नसते. पण वाटा ठरलेल्या असतात. दिवाळी आली की तोच वाडा त्याच रानांच्या आसपास असतो. ज्याला फोटो द्यायचाच आहे त्याला एक वर्ष थांबावं लागतं, इतकंच. आणि थांबायला तर आपण नुकतेच शिकलो आहोत.

मी पुढच्या वर्षी गेलो. फोटो मोठा करून, पुठ्ठ्यावर चिकटवून नेला होता. मुलगी उंच झाली होती. घोडीशेजारी एक शिंगरू होतं, अजून पायांवर नीट न बसलेलं, आईच्या पोटाला चिकटून चालणारं. मी या वेळी बाजूनं गेलो, बोलत बोलत, हात खाली ठेवून. घोडीचा एक कान वळला आणि पुन्हा सैल झाला.

मी पुठ्ठा मुलीच्या हातात दिला. मला वाटलं ती आधी स्वतःला बघेल. तिनं घोडीला पाहिलं. “कान कसं केल्यात बघ,” ती आजीला म्हणाली. “कोकरू वरडलं व्हतं तवा.” वर्षभरापूर्वीचा तो आवाज तिच्या ध्यानात होता. मग तिनं स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, जरा वेळ ठेवून काढलं, आणि काहीच बोलली नाही.

नंतर तिनं तो फोटो घोडीला दाखवायला घेतला.

तिथं, त्या धसकटांच्या रानात, तुम्हीही आहात. पाहा. ती नाकासमोर गेली नाही. डाव्या खांद्याशी जाऊन उभी राहिली, पुठ्ठा हळूहळू वर उचलला आणि घोडीच्या डोळ्याच्या बाजूला धरला. जिथून दिसतं तिथं.

घोडीनं मान हलवली नाही. तिघींचं पाहून होईपर्यंत शेतात कुणीही काही बोललं नाही.

तुम्हीही एवढा वेळ थांबा.